नाव हवंय ना, मग माणूसही सांभाळा

जानेवारी २०२६ मध्ये युबिसॉफ्ट या गेम कंपनीने एका दमात सहा गेम रद्द केले आणि त्यात 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम' या २००३ च्या गेमचा रिमेकही गेला. सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झालेला, आपल्या पुण्यात आणि मुंबईत बनायला घेतलेला, मग २०२२ मध्ये तिकडे माँट्रियलला हलवलेला, आणि शेवटी कुठेच न पोचलेला गेम. बातमी आली त्या रात्री आमच्या शाळेच्या जुन्या ग्रुपवर दोन तास नुसता धुरळा. अर्धे म्हणत होते बरं झालं, त्या ट्रेलरमधला प्रिन्सचा चेहरा बघितला होतात का, आमच्या लहानपणाची वाट लावणार होते. उरलेले म्हणत होते तुम्ही लोक नॉस्टॅल्जियात अडकलायत, तुम्हाला वीस वर्षांपूर्वीचं जसंच्या तसं पाहिजे, मग कोणी नवीन काही करायचंच नाही का. दोन तासांत एकानेही विचारलं नाही की प्रिन्सचं 'मूळ डिझाइन' म्हणजे नेमकं काय. चेहरा? केस? पागोटं? शर्ट? सगळ्यांनी धरूनच चाललं की ते आपल्याला माहितीये, आणि भांडण झालं ते फक्त ठेवायचं की टाकायचं यावर.

माझं मत आधीच सांगून टाकतो. जुन्या सीरिजचा रीबूट करताना, म्हणजे ती नव्याने उभी करताना, मूळ कॅरेक्टर जपलंच पाहिजे. पण जपायचं ते कपड्यांचं कपाट नाही. तो माणूस चालतो कसा, घाबरतो कसा, लांबून सावली दिसली तरी ओळखू कसा येतो, आणि त्याला हातात घेतल्यावर खेळणाऱ्याला काय वाटतं, ते जपायचं. त्यातलं काही बदलायचं असेल तर कारण गोष्टीतून आलं पाहिजे, 'सध्या असंच चालतं' हे कारण होऊ शकत नाही. आणि तो माणूसच नको असेल तर खुशाल नवा काढा, फक्त त्याला जुनं नाव चिकटवू नका.

मी प्रिन्स पहिल्यांदा बघितला तो २००० च्या आसपास, एका कॉम्प्युटर क्लासमध्ये. क्लास म्हणजे एका दुकानाच्या वरची खोली, चार मशीन, चपला बाहेर काढायच्या कारण आत धूळ गेली तर म्हणे कॉम्प्युटर बिघडतो. सर चहाला गेले की कोणीतरी काळ्या स्क्रीनवर 'प्रिन्स मेगाहिट' असं टाइप करायचं, कारण तसं केलं की चीट चालायचे, आणि आम्ही चौघं एका कीबोर्डला लटकायचो. एकाकडे बाण, एकाकडे शिफ्ट. शिफ्टवाल्याची जबाबदारी मोठी असायची. शिफ्ट दाबलं की प्रिन्स जपून एकच पाऊल टाकायचा, कड्याच्या अगदी टोकाला येऊन थांबायचा, आणि खाली पडताना शिफ्ट वेळेवर दाबलं तर बोटांनी कड्याला लटकून राहायचा. सोडलं की गेला, खाली टोकदार सळया. त्या पोराला चेहरा म्हणावा असा चेहराच नव्हता, तीन-चार ठिपके असतील. पण तो पळताना एकदम थांबला की पुढे घसरायचा, उंचावरून पडला की वाकून बसायचा आणि हळूच उठायचा, आणि आम्ही त्याच्याबरोबर श्वास धरून बसायचो. मारिओ पडला तर आम्ही हसायचो, प्रिन्स पडला की पोटात गोळा यायचा.

हे असं का वाटायचं ते मला खूप नंतर कळलं. जॉर्डन मेकनर नावाच्या तरुण पोराने १९८५ मध्ये आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून पळायला आणि उड्या मारायला लावलं, त्याचा व्हिडिओ काढला आणि एकेक फ्रेम समोर ठेवून ती हालचाल अ‍ॅपल टू या कॉम्प्युटरवर उतरवली. गेम यायला १९८९ उजाडलं. म्हणजे आम्ही ज्याला लटकवून ठेवत होतो तो खरा, हाडामांसाचा, उडी मारताना जरा दचकणारा मुलगा होता. सुपरहिरो नव्हता. पांढरा पायजमा घातलेला, अनवाणी, सुरुवातीला हातात तलवारही नाही, ती पहिल्या लेव्हलमध्ये शोधून काढावी लागायची. वेळ फक्त एक तास. हेच त्याचं डिझाइन. हरू शकणारं शरीर.

आता समोरच्या बाजूचं सगळ्यात भक्कम म्हणणं घेऊ, कारण ते खरंच भक्कम आहे. ते म्हणतात, मूळ मूळ काय करता, तुमचं मूळ म्हणजे निव्वळ मशीनची मजबुरी होती. आणि तसं होतंच की. १९८१ च्या डाँकी काँग या गेममध्ये निन्टेंडोच्या मियामोतोंनी मारिओला टोपी घातली कारण तेवढ्याशा ठिपक्यांत केस काढणं अवघड, मिशी दिली कारण तोंड दाखवता येत नव्हतं, आणि डांगरी घातली ती हात हलताना दिसावेत म्हणून. प्रिन्सचंही तेच. अ‍ॅपल टू ची मेमरी संपत आली होती, दुसरा शत्रू काढायला जागा नव्हती, मग मेकनरने प्रिन्सचीच चित्रं बिटांच्या एका युक्तीतून काढून एक झिरमिरीत सावली बनवली. चौथ्या लेव्हलला आरशातून उडी मारली की बाहेर पडते ती हीच. शिवाय 'मूळ प्रिन्स' एक तरी कुठेय? डॉसवर, म्हणजे आमच्या क्लासमधल्या पीसीवर, पिवळट केसांचा, बोडक्या डोक्याचा. १९९० मध्ये जपानात पीसी-९८ या कॉम्प्युटरवर गेला तिथे त्याला पागोटं आणि जाकीट मिळालं, आणि १९९२ च्या मॅक आवृत्तीत तोच पागोटेवाला आला. तेव्हा मॅकवर खेळलेल्या माणसासाठी पागोटं मूळ, माझ्यासाठी पायजमा मूळ. मग कोणतं जपायचं?

बरोबर आहे, आणि म्हणूनच कपड्यांवरून भांडणाऱ्या माझ्या बाजूच्या लोकांचा मला राग येतो, ते आपलीच केस कच्ची करतात. पण मजबुरीतून आलं म्हणजे टाकाऊ, हे कुठून आलं? मारिओची मिशी मजबुरीतून आली आणि चाळीस वर्षं झाली, आज निन्टेंडोकडे हवी तेवढी ताकद आहे, काढली का त्यांनी मिशी? ती सावली मेमरी वाचवायला आली, पण गेममध्ये तिचं काय झालं बघा. पाचव्या लेव्हलला ती तुमच्या डोळ्यांदेखत औषधाची बाटली पिऊन टाकते, सहाव्याला ती बटणावर पाय देते, दार तुमच्या तोंडावर बंद होतं आणि तुम्ही खाली पडता. शेवटी बाराव्या लेव्हलला तलवार काढून समोर उभी राहते, तुम्ही तिला मारलं की तुमचंच रक्त कमी होतं, आणि सुटका कशात तर तलवार म्यान करून तिच्यात मिसळून जाण्यात. आमच्या क्लासमध्ये हे एका पोराने शोधून काढलं तेव्हा सर चहावरून परत आले होते तरी कोणी जागचं हललं नाही. ही सगळी गोष्ट मेमरीच्या तंगीतून आली हे खरं असूनही, पुढे मेमरी भरपूर झाली म्हणून ती सावली काढून टाका असं कोणी शहाणा माणूस म्हणेल का? अडचण कशी आली हा एक प्रश्न आणि तिच्यातून उभं काय राहिलं हा दुसरा, आणि लोक हे दोन सर्रास एकमेकांत घालतात.

आणि 'कोणतं मूळ' या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे गाण्यात कधीचं आहे. एकच बंदिश एका घराण्यात एका लयीत, दुसऱ्या घराण्यात दुसऱ्या लयीत, आज गायली त्याहून उद्या वेगळी, आणि तरी श्रोता मुखडा ऐकला की मान डोलावतो. कोणी म्हणत नाही की शंभर वर्षांपूर्वीचे आलाप होते तसेच घ्या. पण बंदिशीचं नाव सांगून भलत्याच रागात गायला लागलात तर समोरचा उठून जाईल, आणि त्याला कोणी नॉस्टॅल्जियात अडकलेला म्हणणार नाही. विठोबाचं घ्या. काळ्या दगडात घडवा, पितळेत ओता, पोराच्या वहीत पेन्सिलीने चार रेषांत काढा, आता तर टी-शर्टवर दोन वळणदार रेघा असतात फक्त. कमरेवर हात आणि पायाखाली वीट एवढं आलं की ओळखायला क्षणही लागत नाही. मुकुट, पितांबर, हार रोज बदलतात. हात कमरेवरून काढून बघा. गेम बनवणारे ज्याला सिल्हूट म्हणतात, ती बाहेरची रेघ, ती हीच.

मेकनरचा प्रिन्स ज्या माणसांनी नव्याने उभा केला त्यांना हे कळलं होतं, आणि हा मुद्दा आमच्या ग्रुपवरच्या दोन्ही बाजू सोयीस्कर विसरतात. २००३ चा 'सँड्स ऑफ टाइम' हा ज्यांना पवित्र मूळ वाटतो तो स्वतःच एक रीबूट आहे. त्याआधी १९९९ मध्ये प्रिन्सला थ्रीडीत आणायचा एक प्रयत्न पडला होता, सीरिज जवळजवळ संपली होती. माँट्रियलच्या टीमने काय केलं, पायजमा नाही घेतला, पागोटं नाही घेतलं. शरीर घेतलं. भिंतीवरून धावणं, खांबाला मिठी मारून फिरणं, कड्याला लटकणं, सगळं त्या डेव्हिडच्या उडीचं पुढचं रूप. मेकनरलाच लिहायला बोलावलं. आणि पडणारा, चुकणारा मुलगा तसाच ठेवला, इतका की तुम्ही मेलात की निवेदन करणारा प्रिन्सच म्हणतो थांबा थांबा, असं नव्हतं झालं, आणि गोष्ट मागे घेतो.

गेल्या दिवाळीत मी माझ्या भाच्याला तो लावून दिला. अकरा वर्षांचा आहे, ग्राफिक्स बघून आधी नाक मुरडलं. मग दोन दिवस उठलाच नाही. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात येऊन विचारतो, "मामा, याचा शर्ट कुठे गेला?" मी म्हटलं तूच सांग. तर सांगायला लागला की आधी याच्या अंगावर पूर्ण कपडे होते, मग बाही फाटली, मग आणखी फाटलं, आता वर काहीच नाहीये. "म्हणजे त्याला पण लागतं," म्हणाला. गेममध्ये कुठेही लिहून येत नाही की बघा राजपुत्राचा माज उतरतोय. महाराजाच्या महालावर हल्ला करून खंजीर लुटणारा, वडिलांपुढे मिरवणारा पोरगा जसजसा आपली चूक निस्तरत जातो तसतसे ते कपडे फाटत जातात. अकरा वर्षांच्या पोराला ते दिसलं. कॅरेक्टर डिझाइन म्हणतात ते याला.

आणि मग 'सँड्स ऑफ टाइम'च्या पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, 'वॉरियर विदिन' हा पुढचा भाग आला. लांब केस, चामड्याचं चिलखत, कपाळाला कायमची आठी, मागे हेवी मेटल, मुंडकी उडवणं. मला माहितीये की माझ्या वयाच्या निम्म्या लोकांना हाच प्रिन्स जास्त आवडतो, सीडीवर मित्राकडून आणून रात्र रात्र खेळलेत, आणि लढाई खरोखर आधीपेक्षा चांगली होती, ते दहाका, म्हणजे काळाचा राखणदार राक्षस, मागे लागलं की आजही माझा हात घामाने ओला होतो. त्यांची बाजूही पोकळ नाही. ते म्हणतात सात वर्षं तो राखणदार ज्याच्या जिवावर उठलाय तो माणूस रागीट होणारच, मग बदल गोष्टीतून आलाच की, तूच म्हणतोस ना गोष्टीतून यायला पाहिजे? यावर मी बरेच दिवस विचार केलाय. सात वर्षं पळणारा माणूस थकलेला दिसेल, दचकेल, झोपेतून उठून भिंतीला टेकेल. इथे मात्र तो उलट आणखी धडधाकट, आणखी बेफिकीर झाला, शिव्या देत मारण्याची मजा घेऊ लागला. स्वतःशी मोठ्याने शंका काढणारा, स्वतःलाच खोडणारा आवाज गायब. आधीच्या गेममधली राजकन्या फाराह तर नाहीच, आणि ज्या बायका आहेत त्यांच्या अंगावर जे चढवलंय त्याला कपडे म्हणवत नाही. माझ्या मते हा बदल गोष्टीतून आलेला नाही, तो त्या वर्षी दुकानाच्या फळीवर जे विकलं जात होतं तिथून आला आणि गोष्ट नंतर त्याच्याभोवती गुंडाळली. मेकनरने स्वतः उघडपणे सांगितलं की ही दिशा, ती हिंसा, ते संवाद त्याला पटले नाहीत. आणि कंपनीलाही आतून कळलं असणार, कारण २००५ च्या 'टू थ्रोन्स'मध्ये फाराह परत आली, प्रिन्सचा आवाज निवळला, आणि तो रागीट प्रिन्स एका वेगळ्या काळ्या रूपात कोंडला गेला, जो मूळ प्रिन्सच्या डोक्यात बसून बडबडतो. दोन माणसं एका नावात मावत नव्हती म्हणून चक्क त्यांचे दोन तुकडे करावे लागले.

याच घरातलं दुसरं उदाहरण तर सगळ्यांना पाठ असायला हवं. 'सँड्स ऑफ टाइम'नंतर पात्रीस देझिले आणि त्याच्या टीमने प्रिन्सचा पुढचा गेम म्हणून एक कल्पना घेतली होती, त्यात हिरो प्रिन्स नव्हताच, त्याला वाचवणारा मारेकरी होता. हा गेम आपल्या नावात बसत नाही हे लक्षात आल्यावर काय केलं? प्रिन्सला ओढूनताणून टोपडं नाही घातलं. वेगळं नाव दिलं. २००७ मध्ये तो 'असॅसिन्स क्रीड' म्हणून आला आणि पुढे कंपनीचा सगळ्यात मोठा ब्रँड झाला. ज्यांना वाटतं की मूळ जपा म्हटलं की नवनिर्मिती मरते त्यांनी हे जरा शांतपणे बघावं. इथे मूळ जपल्यामुळेच नवं जन्माला आलं. प्रिन्सच्याच सीरिजमधल्या २०२४ च्या 'लॉस्ट क्राउन'नेही तेच केलं. त्यांना वेगळ्या चणीचा, वेगळ्या केसांचा, वेगळ्या चालीचा योद्धा हवा होता, तर त्यांनी सार्गोन नावाचा नवा माणूस काढला आणि प्रिन्सला गोष्टीत अपहरण झालेला राजपुत्र म्हणून ठेवला. पहिल्या ट्रेलरवर लोक तुटून पडले होते, केस काय, रॅप काय. मी गेम खेळलोय, अप्रतिम आहे, आणि सार्गोनवर ओरडणाऱ्यांना मी तेव्हाही म्हणत होतो की अरे त्याने तुमच्या प्रिन्सची जागा घेतलीच नाहीये, तुमचं गेलं काय?

बाहेरची उदाहरणं घ्यायची तर दांतेचं घ्यावं लागेल. २०१० मध्ये कॅपकॉमने ब्रिटनच्या निन्जा थिअरीकडून नवा 'डेव्हिल मे क्राय' बनवून घेत असल्याचं दाखवलं, त्यात पांढऱ्या केसांचा, लाल कोटवाला, पिझ्झा खात राक्षसांची टर उडवणारा दांते जाऊन काळ्या केसांचा, सगळ्या जगावर चिडलेला पोरगा आला. गेम २०१३ मध्ये आला आणि प्रामाणिकपणे सांगतो, गेम म्हणून चांगला होता, शहर जिवंत होऊन अंगावर येतं ते आजही बघण्यासारखं आहे. पण सुरुवातीलाच एक प्रसंग आहे, दांतेच्या डोक्यावर कुठूनतरी पांढरा विग येऊन पडतो, तो आरशात बघतो आणि म्हणतो की कधीच शक्य नाही. त्या दोन सेकंदांनी सगळं सांगितलं. बनवणाऱ्यांना माहिती होतं की लोकांना काय खुपतंय, आणि उत्तर म्हणून त्यांनी लोकांची खिल्ली उडवली. २०१९ मध्ये पाचव्या भागात कॅपकॉम गुपचूप जुन्या दांतेकडे परत गेलं, म्हातारा, दाढी वाढलेला, कर्जात बुडालेला, पण तोच. वय बदललं, चेहरा तर पूर्ण बदलला होता. कोणी तक्रार केली? बॉम्बरमॅनचं तर विचारूच नका, २००६ मध्ये त्या गोल डोक्याच्या गोंडस बाहुल्याला लोखंडी रोबो करून अंधाऱ्या तळघरात टाकलं होतं, आणि २०१७ मध्ये तो परत आला तो गोल डोकं घेऊनच.

आता 'गॉड ऑफ वॉर'चा हिरो क्रेटोस. माझ्या विरोधात हे उदाहरण दहापैकी नऊ जण देतात. २०१८ चा 'गॉड ऑफ वॉर' बघ, ते म्हणतात, ग्रीसमधून उचलून थेट उत्तरेच्या बर्फात टाकला, दाढी आली, मुलगा आला, साखळ्यांच्या तलवारी जाऊन कुऱ्हाड आली, कॅमेरा खांद्यावर आला, सगळं बदललं तरी लोकांनी डोक्यावर घेतलं. मी म्हणतो पुन्हा नीट बघा. त्याचं अंग अजून पांढरंफटक आहे, कारण ती त्याने स्वतःच्या हाताने मारलेल्या बायकोची आणि मुलीची राख आहे, आणि ती धुतली जात नाही. लाल पट्टा तसाच. आणि त्याच्या हातांना चिंध्या बांधलेल्या आहेत, कोपरापर्यंत. कितीतरी तास खेळून झाल्यावर, पोरगा मरायला टेकलेला असताना, तो एकटा घरी येतो, जमिनीखालून जुन्या तलवारी काढतो, आणि गोष्टीच्या अगदी शेवटी त्या चिंध्या सोडतो. खाली साखळ्यांनी भाजलेले वळ. २००५ पासून ज्याने तो खेळलाय त्याच्या घशात तिथे काहीतरी अडकतं. एवढे तास जुनं डिझाइन चिंध्यांखाली झाकून ठेवलं होतं, टाकलं नव्हतं. हे बदलाचं उदाहरण आहेच, मी कुठे नाही म्हणतोय, पण एकाही बदलाने त्या माणसाचा इतिहास पुसलेला नाही, उलट प्रत्येक बदल त्या इतिहासाकडेच बोट दाखवतो. आपल्याकडे भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे २०१७ मध्ये सिनेमात मोठा तरुण होऊन आला तेव्हा मला म्हणूनच काही वावगं वाटलं नाही. शाळकरी पोरगा राहिला नव्हता, पण चौकसपणा तोच, चपळाई तीच, आणि तोंडात 'ट्टॉक' होतं. ते 'ट्टॉक' काढलं असतं तर मी थिएटरातून उठलो असतो.

एका आक्षेपापुढे मात्र मी खरंच थांबतो, आणि तो 'टूम्ब रेडर'च्या लाराच्या नावाने येतो. जुनी डिझाइन्स बहुतेक पुरुषांनी पुरुषांसाठी केलेली, १९९६ ची लारा क्रॉफ्ट कशी दाखवली आणि जाहिरातींत कशी विकली ते आपण सगळ्यांनी बघितलंय, मग ते पण जपायचं? नाही जपायचं. तिच्या शरीराची मापं बदलली यात काहीही गेलं नाही, २०१३ च्या रीबूटने ते केलं आणि योग्य केलं. प्रिन्सलाही हे लागू आहे. पर्शिया म्हणून मेकनरने जे दाखवलं ते परदेशातून बघितलेलं स्वप्न होतं, आणि 'लॉस्ट क्राउन'मध्ये पूर्ण गेम फारसीत ऐकता येतो हे त्या स्वप्नाचं उशिराने फेडलेलं देणं आहे, त्याला विरोध करणाऱ्या माणसाशी माझं जमणार नाही. माझं म्हणणं एवढंच की लाराची मापं हे तिचं डिझाइन नव्हतं. एकटी, शांत, दोन पिस्तुलं, आणि ज्या गुहेत कोणी पाऊल टाकलं नाही तिथे मजेत कोलांटी मारणारी, हे होतं. माझी मोठी बहीण ते खेळायची. तिला ती मापं दिसत नव्हती, तिला दिसायची एक बाई जिला कोणाची परवानगी लागत नाही. २०१३ च्या लाराने मापं सोडली हे चांगलं, पण बरोबर तो निवांतपणाही सोडला, आणि पहिल्या तासाभरात ती बिचारी पडते, भोसकली जाते, कळवळते. चूक दुरुस्त करताना गुणही कापला गेला. गेम विकला गेला, मला आवडला पण. बहीण दोन तासांनी म्हणाली, ही कोण आहे?

आता पुण्याकडे येतो, कारण त्या रात्री ग्रुपवर सगळ्यात वाईट जे बोललं गेलं ते याबद्दल. '२०२० चा ट्रेलर म्हणजे भारतात काम दिलं की असंच होणार.' असं आपल्याच लोकांनी लिहिलं, त्यातला एक तर हिंजवडीत नोकरी करतो. ट्रेलर मलाही आवडला नव्हता. प्रकाश भगभगीत, चेहरे मेणाचे. पण लोकांनी पाच वर्षं जो चेहरा धरून ठेवला तो माझ्या लेखी दुय्यम होता, आणि त्यांनी सांगितलेल्या दोन गोष्टींकडे कोणी बघितलंच नाही. प्रिन्सला आवाज देणारा युरी लोवेनथाल परत आणला होता, म्हणजे तो स्वतःला खोडणारा, गोष्ट मागे घेणारा आवाज तोच राहणार होता. आणि महाल, खंजीर, फाराह, गोष्ट, सगळं तेच ठेवायचं म्हणत होते. मूळ जपण्याचा माझा जो अर्थ आहे त्या अर्थाने पुण्या-मुंबईच्या पोरांनी योग्य जागी हात घातला होता, वरचा मुलामा कच्चा होता, आणि मुलामा वेळ दिला तर सुधारता येतो. सोनिकच्या सिनेमात २०१९ मध्ये तसंच झालं की, माणसासारखे दात घेऊन आलेला सोनिक बघून लोक हादरले, दिग्दर्शकाने काही दिवसांत चूक मान्य केली, प्रदर्शन नोव्हेंबरवरून फेब्रुवारी २०२० ला ढकललं, आणि ज्या टायसन हेसने आधी सोनिकची चित्रं आणि कॉमिक्स केली होती त्याच्या हातात डिझाइन दिलं. तिथे वेळ दिला गेला. इथे आधी तारीख दोनदा पुढे गेली, मग कामच दुसरीकडे गेलं. आणि इकडे आपण काय शिकलो, तर 'आपल्या पोरांना जमत नाही'. हे मला त्या ट्रेलरपेक्षा जास्त लागलं.

चाहत्यांच्या बाजूने बोलतोय म्हणून त्यांच्या वागण्याचंही झाकणार नाही. डिझाइन करणाऱ्या कलाकारांना नावानिशी शोधून शिव्या घालणं, धमक्या देणं, बायकांच्या कॅरेक्टरची हनुवटी रुंद झाली म्हणून गळा काढणं, याचा मूळ जपण्याशी काही संबंध नाही, आणि असल्या लोकांमुळे कंपन्यांना सोपं जातं, कोणतीही तक्रार आली की हे सगळे तसलेच म्हणून झटकून टाकतात. पण कंपन्यांनीही एक सांगावं. तुम्ही त्या नावाला हात का लावता? नवं नाव विकायला अवघड जातं, जुन्या नावावर लोक आधीच पैसे घेऊन उभे असतात म्हणूनच ना? म्हणजे त्या जुन्या प्रेमाची किंमत तुम्हाला नीट कळते, तिजोरीपर्यंत तर नक्कीच कळते, मग तेच प्रेम बोलायला लागलं की ते बालिश कसं होतं?

करता येण्यासारखं खूप आहे आणि काहींनी केलंयही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पहिल्या तीन 'टूम्ब रेडर'ची नवी आवृत्ती आली, त्यात खेळता खेळता एक बटण दाबलं की नवी लारा जाऊन ती जुनी टोकेरी लारा त्याच जागी, त्याच उडीत दिसते. परत दाबलं की नवी. मी एका गुहेत दहा मिनिटं फक्त ते बटण दाबत बसलो होतो. २०१९ च्या 'रेसिडेंट ईव्हिल २'ने लिऑन आणि क्लेअरचे १९९८ चे ठोकळ्यांचे अवतार नंतर फुकट दिले. मेकनरच्या वडिलांना कपाटात प्रिन्सच्या जुन्या फ्लॉपी सापडल्या तेव्हा त्याने तज्ज्ञांना बसवून त्या वाचून घेतल्या आणि २०१२ मध्ये अ‍ॅपल टू चा सगळा सोर्स कोड लोकांसाठी खुला केला. आज कोणाही पोराला तो उघडून बघता येतो की ती उडी नेमकी कशी लिहिली होती, प्रिन्स कड्यावर किती ठिपके पुढे घसरतो.

रद्द झालेला रिमेक आता कोणी पुन्हा हातात घेईल की नाही मला सांगता येणार नाही. घेतला, आणि पुन्हा पुण्यातच घेतला तर मला जास्त आनंद होईल, तर चेहरा हवा तसा करा, मी तक्रार करणार नाही. नाक बदला, डोळे बदला, पर्शियाच्या कापडाचा नीट अभ्यास करून त्याला खरे कपडे घाला. पण त्याला कड्याला बोटांनी लटकू द्या, चुकला की 'असं नव्हतं झालं' म्हणू द्या, आणि शर्ट एकदम काढू नका, आधी फक्त एक बाही फाटू दे.